उजेडाची बाजू

१

अंघोळ, चहा आणि वर्तमानपत्राचे अग्रलेखासकट वाचन आटोपले, की बरोबर दहा वाजता आनंदराव पडवीलगतच्या खोलीचे कुलूप काढीत. त्या खोलीला घरातली माणसे स्टुडिओ म्हणत. आनंदराव स्वतः संग्रह म्हणत, आणि इतरांनीही तसेच म्हणावे अशी त्यांची अपेक्षा असे. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून पुढची तेवीस वर्षे मांडवगण फराटा, इनामगाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर झालेली तीनशे सदतीस लग्ने त्यांनी खांद्यावरच्या कॅमेऱ्याने टिपली होती. ज्यांची ती लग्ने, त्यांच्या घरच्या कॅसेटी बुरशीने केव्हाच खाल्ल्या. आनंदरावांकडची मूळ प्रत मात्र शाबूत होती. त्यांची शाळा सातवीत सुटली होती. तरीही साठी उलटल्यावर त्यांनी पुस्तके आणून, टिपणे काढून संगणक आत्मसात केला, आणि एकेक कॅसेट त्यात स्वहस्ते उतरवली.

गावातले कोणी ना कोणी अधूनमधून येई. "आबा, आमच्या आईचा चेहराच आठवंना झालाय," असे म्हणे. आनंदराव लग्नाचे साल विचारीत, आणि दोन मिनिटांत ती आई पडद्यावर पंगतीत वाढू लागे. माणूस डोळे पुशी. आनंदराव त्याला पाणी देत. आपल्या या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवण्याचे त्यांना काही कारण दिसत नसे.

ऐन गळीत हंगामात संगणक कुरकुरू लागला. आतून कुणी नखाने पत्रा टोकरावा तसा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. त्याच आठवड्यात शिरूरहून मुलीचा, अनुपमाचा, फोन आला.

"बाबा, साऱ्या तालुक्याच्या बायका तुमच्याकडं हायेत. आमची आई हाय का त्यात? तरुणपणीची, चालती-बोलती? माझी पोरगी इचारती, आजी कशी दिसायची म्हणून."

"असणारच. तेवीस वर्षे ती माझ्या शेजारी उभी होती."

"शेजारी व्हती बाबा. समोर कवा व्हती?"

फोन ठेवल्यावर आनंदराव मागची वर्षे आठवू लागले. त्या काळी लग्नघरात पिवळट बल्बाशिवाय उजेड नसे. चित्रण करायचे तर हॅलोजनचा दिवा लागे, आणि तो हातात धरून उभे राहणारे माणूस लागे. हळदीच्या खोलीत दिवा घेऊन परका गडी शिरला असता, तर बायकांनी त्याला उभा राहू दिला नसता. म्हणून ते काम सिंधूबाईंकडे आले. लोक त्यांना 'लाईटवाल्या काकू' म्हणत. जिच्या उजेडात तीनशे सदतीस नवऱ्या उजळून निघाल्या, ती आनंदरावांची पत्नी त्या साऱ्या चित्रणात कोठेही नव्हती.

तरी एखादा क्षण निसटून आला असेल. तो शोधायचाच, असे आनंदरावांनी ठरवले. परंतु आधी संग्रह सुरक्षित व्हायला हवा होता.

२

नागसेनचे संगणकदुरुस्तीचे दुकान दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर होते. कंपनीतली नोकरी सोडून त्याने ते थाटले होते, आणि आनंदरावांची त्याच्यावर मर्जी होती, कारण तो त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेई.

"या आबा, बसा. काय म्हणतीय मशीन?"

"आतील डिस्क मृत्युपंथाला लागली आहे. बाहेरून जोडण्याची, विश्वसनीय अशी एक हवी."

"विश्वासाचं म्हणाल तर कुठलीच न्हाई." नागसेनने दोन खोकी काउंटरवर ठेवली. "ही फिरत्या तबकडीची. जागा भरपूर, पण हळू चालती, आन् हातातनं पडली की मेली. ही दुसरी एसएसडी. हिच्यात फिरणारं काय न्हाई, पडली तरी दम धरती. पण महाग. आन् वर्षानुवर्षं कपाटात टाकून दिली, वीजच दाखवली न्हाई, तर हिचाबी भरोसा न्हाई."

"हे सर्व मी वाचले आहे."

"मग इचारता कशाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे की नाही, ते पाहण्यासाठी."

नागसेन खळखळून हसला. "आबा, तुमी परीक्षा घ्या, मी डिस्क देतो. तुमच्या फायली मोठ्या, आन् रोज उघडायच्या न्हाईत. चार टीबीची तबकडीवाली न्या. फक्त एक नेऊ नका, दोन न्या. एक तुमच्याकडं, एक लेकीकडं."

"माझे काम माझ्याच घरी राहील."

"लेक परकी व्हय?"

"प्रश्न लेकीचा नाही. एकदा वस्तू दुसऱ्याच्या उंबऱ्यात गेली, की ती कोण पाहतो आणि कोण आपली म्हणून मिरवतो, ते आपल्याला कळत नाही."

यामागे एक जुना सल होता. दोन हजार अकरा साली शिरूरचा एक तरुण दोन कॅमेरे आणि एक उंच दांडा घेऊन या भागात आला, आणि वर्षभरात आनंदरावांना बोलावणे बंद झाले. त्या तरुणाचे नाव घरात कोणी घेत नसे.

"वॉरंटी तीन वर्षं," नागसेन खोके पिशवीत घालत म्हणाला, "पण ती डब्याची. आतलं गेलं तर नवा डबा मिळंल, आतलं न्हाई मिळायचं. आन् एक ध्यानात ठेवा. 'कॉपी झाली' असं दिसलं म्हणून गप बसू नका. एकेक फाईल उघडा. सुरवात बघा, मधी बघा, शेवट बघा. मशीन खुशाल झाली म्हणती, आन् आत निम्मं कोरं असतं."

"मी प्रत्येक पाहीन," आनंदराव म्हणाले.

३

डिस्क जोडताच तिचा बारीक निळा दिवा लुकलुकू लागला. टेबलावर तळहात ठेवला तरच जाणवेल एवढी तिची घरघर होती. बाहेरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात, ट्रॅक्टरवरचे गाणे जवळ येई आणि दूर जाई. आनंदराव एकेक लग्न उघडून पाहत आणि वहीत खूण करीत.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, त्यांनी इनामगावचे एक लग्न उघडले. साल चौऱ्याण्णव. हळद चालली होती. नवरी पाटावर बसली होती आणि तिची सावली मागच्या भिंतीवर डावीकडे पडली होती.

आनंदरावांचा हात माऊसवर थांबला.

कॅमेरा त्यांच्या उजव्या खांद्यावर असे. सिंधूबाई डाव्या हाताला उभ्या राहत. तो नियम त्यांनी स्वतः पहिल्या दिवशी घालून दिला होता. उजेड डावीकडून आला, की सावली उजवीकडे पडते. त्यांच्या चित्रणातली प्रत्येक सावली उजवीकडे पडायला हवी होती.

अडचणीच्या खोलीत ती एखादे वेळी पलीकडे सरकली असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. परंतु सावली पाहून झाल्यावर त्यांनी नवरीचा चेहरा पाहिला. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. तिच्या करवल्या पाहत नव्हत्या, मामी पाहत नव्हती. साऱ्या जणी सात-आठ हात उजवीकडे, एकाच जागी, पाहून लाजत होत्या, पदर सावरीत होत्या. लग्नातली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, उजेडाकडे पाहतात. जिथे उजेड असेल तिथे आपले चित्र काढणारा असणार, हे त्यांनी गृहीत धरलेले असते.

"लाईट!" चित्रणातून आनंदरावांचा स्वतःचा तरुण आवाज आला. "लाईट इकडे!"

उजेड हलला नाही. मग पलीकडून, अगदी दबके, एका बाईचे हसणे ऐकू आले. ते कोणाचे, हे ओळखायला आनंदरावांना तो भाग तीनदा ऐकावा लागला. ते त्यांच्या पत्नीचे होते. संसाराला पंचेचाळीस वर्षे झाली होती. तसे हसणे त्यांनी या घरात कधी ऐकले नव्हते.

दोष डिस्कचा असेल, म्हणून त्यांनी संगणकातली मूळ फाईल उघडली. तीही तशीच होती. मग माळ्यावरून जुना व्हीसीआर उतरवला, मूळ कॅसेट शोधून लावली. सावली डावीकडेच पडली होती. म्हणजे कोठेही काही बिघडले नव्हते. ते तीस वर्षे तसेच होते. आनंदरावांनी त्या काळात फक्त चेहरे पाहिले होते. उजेड कोठून येतो हे पाहण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

४

सिंधूबाई मागच्या अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलीत बसल्या होत्या. आनंदराव खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसले. असे ते सहसा करीत नसत, म्हणून सिंधूबाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"काय वो, वीज गेली का?"

"सिंधू, दिवा तू कोणत्या बाजूला धरीत होतीस?"

"कुठला दिवा?"

"लग्नातला."

"अगं बया! त्याचं आता काय निघालं? डाव्या अंगाला. तुमी म्हणायचा डाव्या, मी आपली डाव्या."

"नेहमी?"

"पहिल्या पहिल्यांदा. मग तुमीच मला हाताला धरून पल्याड न्यायचा, तवा पल्याड."

आनंदरावांनी हसण्याचा प्रयत्न केला. "माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला गुंतलेले असत. एक पट्ट्यात, एक भिंगावर."

"ते मला काय ठावं. एक हात मोकळा असायचा तुमचा." सिंधूबाईंनी एक घाटा फोडला आणि दाणा तोंडात टाकला. "गार असायचा. लाईटनं माझं मनगट भाजून निघायचं, त्यावर धरून ठिवायचा. लई बरं वाटायचं."

"आणि तू काही बोलत नव्हतीस?"

"बोलायला कशाला जातीय? घरी आलं की तुमी पुन्हा तसेच. वायर नीट गुंडाळली न्हाई, लाईट हलला, तुला कवा अक्कल येणार. मी म्हणायची, ऱ्हाऊ दे. लग्नात तरी माणूस मायेनं वागतंय ना."

"मी… काय म्हणत असे तुला? लग्नात?"

सिंधूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्या मान खाली घालून हसल्या, आणि ते हसणे आनंदराव नुकतेच तीनदा ऐकून आले होते.

"ते का आता सांगायचं असतं व्हय? व्हा तिकडं! लोकं बघतील."

अंगणात त्या दोघांखेरीज कोणी नव्हते.

५

आनंदरावांनी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला होता. शिरूरच्या त्या तरुणाचा तर झोप उडेपर्यंत. पण तो हेवा धंद्याचा होता, आणि त्याला निदान चेहरा होता. हा नवा विस्तव पोटात कोणाच्या नावाने जळतो आहे, तेच त्यांना कळेना. त्यांनी वहीच्या मागल्या पानावर माणसे आठवून लिहिली. बँडवाला, मंडपवाला, दोन आचारी. पण कोणताही बँडवाला तेवीस वर्षे प्रत्येक लग्नाला नव्हता. प्रत्येक लग्नाला दोनच माणसे होती. एक दिवा धरणारी, आणि एक ते स्वतः.

ते सिंधूबाईंशी बोलेनासे झाले. स्वतःचा चहा स्वतः करू लागले. डिस्कची वायर काढून खिशात घेऊनच जेवायला बसू लागले.

"पोट बिघडलंय का?" सिंधूबाईंनी विचारले.

"नाही."

"मग तोंड का असं? माझ्यासंगं काय भांडण हाय का?"

"भांडण समोरच्या माणसाशी होते," आनंदराव म्हणाले, आणि ताट सारून उठले.

पुढची फाईल, तिच्या पुढची फाईल. आता ते सुरुवात-मध्य-शेवट असे पाहत नव्हते. सबंध पाहत होते. उजेड वर्षावर्षाने दूर जात होता. चौऱ्याण्णव साली तो सात-आठ हातांवर होता. नव्व्याण्णव साली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन हजार सहा साली तर त्यांच्या चौकटीत निम्मा काळोख होता. मंगलाष्टका चालू आहेत, अक्षता पडत आहेत, आणि सारे वऱ्हाड मान वळवून तिसरीकडेच पाहत आहे. "आबा, व्हिडिओ अंधारा आला," अशी लोकांची तक्रार त्या वर्षांत येऊ लागली होती. आनंदरावांनी ती कॅसेटच्या माथी मारली होती. धंदा बसला तो शिरूरच्या पोराने बसवला, असे ते चौदा वर्षे मानत आले होते. आता त्यांना दिसत होते, की त्याच्या आधीच कोणीतरी त्यांचा उजेड नेला होता. आणि ज्याने नेला, त्याच्याकडे ही सारी लग्ने लख्ख, समोरून, हसऱ्या चेहऱ्यांनी टिपलेली असणार. तो संग्रह कोठे असेल? कोणाच्या घरात? ते चित्रण आपल्यापेक्षा उत्तम असणार, या विचाराने त्यांना घास गिळवेना. आणि तो दिवा कोणाच्या हातात होता, हा विचार त्यांनी केलाच नाही असे नाही. तो विचार तर संग्रहाच्याही आधी मनात येत होता.

इनामगावची हळद पाहिली त्याच्या पाचव्या दिवशी त्यांना आंदणाच्या कपाटाची आठवण झाली.

त्या काळात मुलीच्या आंदणात लोखंडी कपाट असे, आणि कपाटाच्या दाराला डोक्यापासून पायापर्यंत आरसा असे. मंडपात पलंग, गादी, स्टीलची भांडी आणि ते कपाट मांडून ठेवीत, आणि त्याचे चित्रण झाले नाही तर मुलीचा बाप रुसे. आरशात मात्र हॅलोजन भपकन पेटे आणि कॅमेरेवाला वायरीसकट दिसे. म्हणून आनंदराव आधी मुलीच्या मामाला सांगून आरशावर नवी साडी टाकून घेत. पुढे पुढे लोकांना तो विधीच वाटू लागला. आनंदराव नसलेल्या लग्नांतही कपाट आले की मामा उठून आरसा झाकू लागला, आणि म्हाताऱ्या बायका त्याला कुंकू लावू लागल्या. पण तीनशे सदतीस साड्यांपैकी एखादी तरी घसरली असेल. तिच्यामागे सिंधू असेल. आणि सिंधूच्या शेजारी कोण, तेही असेल.

६

ती साडी पाटसच्या एका लग्नात घसरली होती. साल दोन हजार तीन. दुपारचे सव्वातीन वाजले होते, खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता.

पडद्यावर पलंग आला, तांब्यांची उतरंड आली, मग कपाट. त्यावरची मोरपंखी साडी एका बाजूने निसटली, आणि मागे आरसा उघडा पडला.

आरशात सिंधू होती.

बेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची, हिरवे लुगडे, कपाळावर घाम, उजवा हात उंचावून धरलेला दिवा. ती हसत होती. आनंदरावांच्या तोंडून तिचे नाव बाहेर पडले. ती इतकी देखणी होती, हे आपल्याला कोणी सांगितले कसे नाही, असे त्यांच्या मनात आले. तिच्याशेजारी खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस होता. त्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे झाकला होता.

"हा मी," आनंदराव मोठ्याने म्हणाले. पाच दिवसांचा विस्तव एकदम विझला. अर्थात तेच. आरशात दुसरे कोण असणार? कॅमेरा डाव्या खांद्यावर दिसत होता, पण आरशात डावे-उजवे उलटते. त्यांनी कागदावर आकृती काढून खात्री करून घेतली. माणसाचा एक हात मोकळा होता, आणि तो सिंधूच्या मनगटावर होता. असेल. एखादे वेळी आपण धरलाही असेल. सगळेच कोठे लक्षात राहते?

त्यांनी चित्रण पुढे सुरू केले.

कपाटाच्या दारावर रंगाने नवरीचे नाव लिहिलेले असे, आणि ते जवळून घ्यायची त्यांची पद्धत होती. त्याप्रमाणे चित्र पुढे सरकू लागले. पाऊल, पाऊल. कपाट मोठे होत गेले, आरसा मोठा होत गेला. चालत येणारा माणूस आरशात मोठा होत जायला हवा होता.

आरशातली ती दोघे जागची हलली नाहीत. ती मागे, मंडपाच्या खांबाशी, होती तेवढ्याच अंतरावर उभी होती. आणि त्यांच्या पुढ्यात, कपाटापासून हातभर अंतरावर, जिथून हे चित्रण होत होते त्या जागी, आरशात पलंगाचा कोपरा दिसत होता, भांड्यांची उतरंड दिसत होती, आणि मोकळी सतरंजी.

आनंदरावांनी चित्र थांबवले. डिस्कचा निळा दिवा लुकलुकत राहिला. त्यांनी टेबलावर दोन्ही तळहात ठेवले. घरघर हाताला जाणवत होती. तळहात आपले आहेत, एवढे त्यांनी पाहून घेतले.

७

"चहा घ्या. रुसवा किती दिस चालायचा?"

सिंधूबाई कप घेऊन दारात उभ्या होत्या. पडदा विझवायला आनंदरावांचा हात पुढे झाला, पण तोवर त्या जवळ आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"अगं बया. ही मी व्हय?" त्यांनी कप टेबलावर ठेवला. "अन् हे तुमी."

आनंदरावांनी आयुष्यात कामाबद्दल कधी खोटे सांगितले नव्हते. चित्र हलले असेल तर हलले म्हणून सांगितले होते. पण सिंधूबाई पडद्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती नजर त्यांना हवी होती. कोणाच्याही नावाने का मिळेना.

"होय," ते म्हणाले. "मीच."

सिंधूबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले, बाजारात नाणे उन्हाला धरून पाहावे तसे. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमी म्हणताय तर तुमीच," आणि स्टूल ओढून बसल्या.

"लावा की पुढं. पुढं तुमी मला काढलं व्हतं."

"मी तुला कधीही काढले नाही, सिंधू. ही कॅसेट कपाटाशी संपली होती."

"संपली कशी? पदर सारायला लावून काढलं व्हतं. लावा तर खरं."

पडद्याखालच्या पट्टीवर चाळीस सेकंद शिल्लक होते. माऊसला बोट लावायचे नाही, असे त्यांच्या मनात होते. पण ज्याला पाच दिवस शोधले, तो आता हाताशी आला होता, आणि न पाहता उठणे त्यांच्याच्याने झाले नाही.

कपाट नाहीसे झाले. चौकटीत सिंधू समोर उभी राहिली, प्रथमच. तिने कपाळावरचा पदर मागे सारला, दिवा स्वतःच्या तोंडाशी धरला आणि सरळ भिंगात पाहिले. अनुपमाने मागितले होते ते हेच. यापेक्षा उत्तम चित्र आनंदरावांनी आयुष्यात काढले नव्हते.

तिच्यामागे दूर, मंडपाच्या अंधाऱ्या टोकाला, एक पाठमोरा माणूस होता. घामासाठी कॉलरमागे रुमाल खोचलेला. खांद्यावर कॅमेरा घेऊन तो एका कपाटाकडे पाऊल पाऊल जात होता. त्याच्यावर उजेडाचा एक थेंबही पडत नव्हता. तो रुमाल आनंदरावांना ओळखू आला. ते तो तसाच खोचीत.

चित्रातल्या सिंधूने मान वळवली. "तिकडं कोण हाय वो?"

कॅमेऱ्याच्या मागून उत्तर आले. स्पष्ट, शुद्ध, एकेक अक्षर तोलून उच्चारलेले.

"कोठे? तिथे कोणीही नाही."

"ऐकलं का?" स्टुलावरच्या सिंधूबाई कौतुकाने हसल्या. "तुमचाच आवाज की."

"सिंधू," आनंदरावांनी हाक मारली.

त्यांना ती ऐकू आली नाही. हनुवटीखाली हात घेऊन त्या पडद्यात हरवून गेल्या होत्या.

पडद्यावरची सिंधू मात्र थबकली. तिने दिवा फिरवला आणि समोर धरला. उन्हाने भरलेल्या त्या खोलीत पांढरा उजेड पसरला. टेबलावर आला, वहीवर आला, आनंदरावांच्या दोन्ही हातांवर आला. तिने डोळे बारीक केले. आनंदराव बसले होते त्या खुर्चीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग कोणी नाही, असे मागे कोणाला तरी सांगावे तशी तिने नकारार्थी मान हलवली, आणि उजेड घेऊन वळली.